इंग्रजीतले नमस्कार-चमत्कार आणि ओळख: नवशिक्यांना काय, किती आणि कोणत्या क्रमानं शिकवावं

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कोल्हापुरात बचत गटातल्या आणि महाद्वार रोडच्या दुकानांत काम करणाऱ्या मिळून चौदा जणींचा संध्याकाळचा इंग्रजीचा वर्ग तुम्ही घेताय. दहा वाक्यांची स्वतःची ओळख सगळ्यांची तोंडपाठ आहे, वर्गात घडाघडा म्हणतात. पण दुकानात बाहेरचं गिऱ्हाईक "हाय, हाउ आर यू?" म्हणालं की तोंडातून शब्द फुटत नाही. चुकतंय कुठं, आणि नव्यानं सुरुवात करायची तर कशी?

पाठांतर वाईट नाही. नवशिक्यानं पाठ करायलाच हवं, दुसरा इलाज नाही. चुकलंय ते काय पाठ करून घेतलं त्यात. "माय नेम इज... आय लिव्ह इन... माय हॉबी इज..." हे भाषण झालं. भाषणात समोरच्याला बोलायला जागाच नसते. खऱ्या ओळखीत एक वाक्य आपलं, एक त्यांचं, पुन्हा एक आपलं असं चालतं. गिऱ्हाईक दुसऱ्याच वाक्याला मधे बोललं की पाठांतराची साखळी तुटते, आणि मधूनच धरता येत नाही म्हणून बाई गप्प होते. त्यामुळं पाठ करून घ्यायचं ते जोडीनं: समोरून काय येईल आणि त्यावर आपण काय म्हणायचं. शिवाय निम्मी वाक्यं प्रश्नांची हवीत. बहुतेक वर्गांत प्रश्न फक्त शिक्षक विचारतो आणि शिकणाऱ्या उत्तरं देतात; मग बाहेर गेल्यावर "अँड यू?" एवढंसुद्धा त्यांना सुचत नाही.

आधी एक गोष्ट तपासा. तुमच्या चौदा जणी खरंच कोऱ्या पाटीच्या आहेत का? महाराष्ट्रात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी पाचवीपासून होतं. म्हणजे आज पस्तिशीच्या पुढची आणि दहावीपर्यंत शिकलेली बाई सहा वर्षं इंग्रजीच्या तासाला बसलेली आहे. "नेम", "फ्रॉम", "सिस्टर" हे शब्द तिला डोळ्यांनी ओळखता येतात, कानांनी नाही. अशांना एबीसीडीपासून सुरू केलं तर दुसऱ्याच आठवड्याला त्या यायच्या बंद होतात. आणि चौथीतून शाळा सुटलेल्या मावशींना फळ्यावर लिहून दाखवलं तर त्या पहिल्याच दिवशी घाबरतात. दोघींना एकत्र चालवायचा मार्ग एकच: पहिले तीन तास फळा वापरायचाच नाही. सगळं कानानं आणि तोंडानं. इथं दोघी सारख्याच कच्च्या असतात, त्यामुळं कुणाला कमीपणा वाटत नाही.

आता किती शिकवायचं ते. युरोपात २००१ साली भाषा शिकण्याच्या पायऱ्यांचा जो आराखडा आला, त्यातल्या सगळ्यात खालच्या 'ए-वन' पायरीवर स्वतःची आणि दुसऱ्याची ओळख करून देणं, कुठं राहता, कुणाला ओळखता असं विचारता आणि सांगता येणं, एवढं धरलेलं आहे. तेही समोरचा सावकाश, स्पष्ट बोलणारा आणि मदत करणारा असेल तर. म्हणजे हे दोन दिवसांत उरकायचं काम नाही. आठवड्याला एकेक तासाचे तीन वर्ग धरले तर चार आठवडे, बारा तास, फक्त या एका विषयाला द्या. त्यात सात जोड्या पुरतात: भेटल्यावरचा नमस्कार आणि त्याचं उत्तर, "हाउ आर यू?" आणि त्याचं उत्तर, नाव विचारणं-सांगणं, "नाइस टु मीट यू" आणि त्यावर "नाइस टु मीट यू टू", कुठल्या ते, काय करता ते, आणि निरोप. यात छंद नाही, आवडता रंग नाही, "माय फादर्स नेम इज" नाही. दुकानात उभ्या असलेल्या बाईला तिचा आवडता रंग कुणी विचारत नाही. एका तासात नवीन जोड्या दोनच. तिसरी घातली की पहिली सुटते.

पहिल्या तासाचं वेळापत्रक मी असं ठेवेन. पहिली दहा मिनिटं फक्त ऐकणं. तुम्ही आणि थोडं इंग्रजी येणारी एखादी जण समोरासमोर उभ्या राहा आणि नमस्कार-नाव-निरोप हा एवढासा संवाद पाच-सहा वेळा करून दाखवा. कधी हसत, कधी घाईत, कधी फोनवर असल्यासारखा. बाकीच्यांनी बोलायचं नाही. आपल्याकडं शिक्षकानं तोंड उघडलं की वर्गानं मागोमाग म्हणायचं ही सवय इतकी मुरलेली आहे की त्यांना गप्प बसवणं जड जाईल, पण बसवा. कानात चाल बसण्याआधी तोंड उघडलं की मराठी चालीत इंग्रजी शब्द बाहेर पडतात आणि ते नंतर निघत नाहीत. शाळेतलं ते "गु...ड मॉ...र्निंग टी...चर" आठवा, सगळा वर्ग एका सुरात ओढून म्हणतो ते. ती चाल घेऊन कुणी दुकानात बोललं तर समोरचा आधी दचकतो आणि मग हसतो.

त्यानंतर वीस मिनिटं म्हणणं. इथं एक युक्ती जरूर वापरा: वाक्य शेवटाकडून बांधायचं. "नाइस टु मीट यू" घ्या. आधी फक्त "यू". सगळ्यांनी, मग चार-पाच जणींनी एकेकटीनं. मग "मीट यू". मग "टु मीट यू", आणि शेवटी पूर्ण "नाइस टु मीट यू". सुरुवातीपासून बांधत गेलं तर "नाइस" जोरात निघतं आणि शेवटाकडं जाईतो आवाज विरतो, शेवटचा शब्द तर गिळलाच जातो. शेवटाकडून आलं तर दर खेपेला वाक्य ओळखीच्या भागावर येऊन संपतं, त्यामुळं शेवट खणखणीत राहतो. जोर कुठं द्यायचा ते टाळीनं दाखवा: "नाइस"वर एक टाळी, "मीट"वर एक. "टु" आणि "यू"वर टाळी नाही, ते पळत म्हणायचे. "व्हॉट्स युअर नेम?" मध्ये टाळी "नेम"वर. पण आपलं नाव सांगून झाल्यावर उलट विचारायचं असेल तर तेच वाक्य "व्हॉट्स *युअर* नेम?" असं होतं, टाळी "युअर"वर सरकते. हा एवढा फरक सांगितला नाही तर उलट प्रश्न वर्गात बरोबर वाटतो आणि बाहेर पोलीस चौकीतल्यासारखा ऐकू येतो. "अँड यू?" मध्येही जोर "यू"वरच, आणि आवाज थोडा वर नेऊन सोडायचा.

उरलेला अर्धा तास जोडीकामाला. चौदा जणींच्या दोन रांगा करा, सात-सात, समोरासमोर. दोन मिनिटं बोलायचं, टाळी वाजली की एका रांगेनं एक घर डावीकडं सरकायचं, टोकाची फिरून पहिल्या जागी. चौदा मिनिटांत प्रत्येकीचा संवाद सात वेळा सात वेगळ्या तोंडांशी होतो. एकेकीला पुढं बोलावून म्हणायला लावलं असतं तर त्याच वेळात प्रत्येकीला एकदाच संधी मिळाली असती, आणि तीही तेराजणींच्या नजरा झेलत. एखादी गैरहजर असेल आणि संख्या विषम झाली तर तुम्ही रांगेत उभ्या राहा, तिघींचा गट करू नका. तिसरी नुसती ऐकत बसते.

दुसऱ्या दिवसापासून याच रांगांत एक बदल करायचा. सगळ्याजणी एकमेकींना ओळखतात, मग "व्हॉट्स युअर नेम?" विचारण्यात अर्थ काय? दोन फेऱ्यांनंतर हे नाटक आहे हे त्यांना कळतं आणि हसणं सुरू होतं. म्हणून पोस्टकार्डाच्या निम्म्या आकाराच्या चिठ्ठ्या करा. प्रत्येकीवर एक नाव, एक गाव, एक काम: रेखा, हुपरी, चांदीचे दागिने; फातिमा, इचलकरंजी, यंत्रमाग; मारिया, गोवा, हॉटेल; जॉन, लंडन, डॉक्टर. चिठ्ठी छातीशी धरायची, दुसरीला दाखवायची नाही. आणि प्रत्येकीच्या वहीत एक तक्ता, ज्यात भेटलेल्या पाच जणांची नावं, गावं, कामं भरायची. आता विचारल्याशिवाय माहिती मिळत नाही, म्हणून प्रश्न खरा होतो. १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रासकडच्या शाळांत भाषाशिक्षणतज्ज्ञ एन. एस. प्रभू यांनी जो प्रयोग केला त्याचा गाभा याच्या जवळचाच होता: खरोखर काहीतरी शोधून काढायचं, सोडवायचं असेल तर मूल भाषेच्या रूपापेक्षा अर्थाकडं लक्ष देतं आणि भाषा त्या ओघात बसते. मोठ्या बायकांच्या बाबतीत तर ते आणखी खरं आहे, कारण लटका प्रश्न विचारायला त्यांना लाज वाटते.

उच्चारांत सगळंच दुरुस्त करायला जाऊ नका. अर्थ बिघडवणारे तेवढे धरा. त्यातला सगळ्यात मोठा म्हणजे "आय लिव्ह इन कोल्हापूर". आपल्याकडं बहुतेकजण "आय लीव्ह" म्हणतात आणि त्याचा अर्थ होतो "मी सोडते". कारण आपल्या भाषेतच आहे: मीठ, तीळ, वीट, दूध, फूल, असे व्यंजनावर संपणारे छोटे मराठी शब्द आपण दीर्घ म्हणतो, लिहितोही तसंच. जिभेला तीच सवय, म्हणून "लिव्ह"चं "लीव्ह" आणि "सिट"चं "सीट" होतं. इलाज असा: "लिव्ह" एकटं म्हणून घेऊ नका, "लिव्हिन" असं पुढच्या "इन"ला जोडून म्हणून घ्या. "विटा" म्हणताना वीटमधला दीर्घ आपोआप ऱ्हस्व होतो, तसंच इथं पुढं स्वर आला की "लि" आखडतो. "आय लिव्हिन कागल, आय लिव्हिन उचगाव" असं दहा वेळा झालं की बसतं.

दुसरा उच्चार "इज"चा. "जेवण"मधला ज नको, "जरा"मधला ज हवा. मराठीत हे दोन्ही ज आहेत, त्यामुळं हिंदी पट्ट्यातल्या लोकांना जे जड जातं ते आपल्याला फुकट मिळतं. फक्त कोणता ज ते सांगायला हवं. "टीचर", "चिल्ड्रन" यांत "चहा"चा च, "चमचा"चा नाही. तिसरा "ॲम". पुष्कळजणी "आय एम" म्हणतात. "मॅडम", "बॅट", "कॅन" नीट म्हणतात की नाही? मग "ॲम"ही येतो. "मॅडम"मधलं "मॅ" काढून फक्त "ॲ" म्हणायला लावा. "थँक यू"मधला थ आपला आहे तसा चालतो, त्यासाठी जीभ दातांत घालायची कसरत पहिल्या महिन्यात नको. व्हॉट आणि व्हेरी यांतला ओठांचा फरकही नंतर.

आता वाक्यांत मराठी कुठं डोकावतं ते बघा, कारण चुका सगळ्यांच्या सारख्याच असतात.

"मायसेल्फ सुनीता". ही चूक घरोघर आहे, मुलाखतीला जाणाऱ्या पोरांचीसुद्धा. नाव सांगताना "आय ॲम सुनीता" किंवा "माय नेम इज सुनीता", एवढंच. कारण विचारलं तर इतकं सांगा की "मायसेल्फ" हे वाक्याचा कर्ता म्हणून एकटं उभं राहत नाही. आणि नाव सांगताना तीनपदरी सांगायची आपली रीत, सुनीता बाळासाहेब पाटील, ती फॉर्म भरताना ठेवा. तोंडी ओळखीत "सुनीता" किंवा "सुनीता पाटील". मधलं नाव ऐकलं की परक्या माणसाला नक्की कशानं हाक मारायची कळत नाही. तो बहुधा "बाळासाहेब"च म्हणतो, आणि मग वर्गभर हशा.

नवऱ्याची ओळख हा दुसरा सापळा. आपल्या बायका नवऱ्याला "ते" म्हणतात, म्हणून इंग्रजीत "दे वर्क्स इन शिरोली" येतं. ऐकणाऱ्याला वाटतं, चार-सहा जणांबद्दल बोलतेय. "ही" म्हणा असं सांगितलं की काहीजणी अडखळतात, एकेरी वाटतं त्यांना. इथं स्पष्ट सांगून टाका की इंग्रजीत तो आणि ते, तू आणि तुम्ही असा भेदच नाही. सासरे, कलेक्टर आणि शेजारचा बंड्या, सगळे "ही". मान दाखवायचा तो "सर", "मॅडम", "प्लीज" आणि आवाजाच्या पट्टीतून. "माय मिस्टर" ऐवजी "माय हजबंड". हे एकदा पटलं की सुटतात. पटेपर्यंत मात्र ओठांवर येत नाही, म्हणून पाच मिनिटं खर्च करायला हरकत नाही. "शी वर्क्स, ही वर्क्स" मधल्या शेवटच्या "स"च्या मागं या बारा तासांत लागू नका.

"आय ॲम हॅविंग टू डॉटर्स", "आय ॲम स्टेइंग ॲट राजारामपुरी" या वाक्यांनी कुणाचा गैरसमज होत नाही, पण आत्ताच "आय हॅव" आणि "आय लिव्ह" लावून टाका. नंतर सुधारणं महाग पडतं. "आय ॲम टीचर" यात मधला "अ" गळतो, कारण मराठीत तसं काही नाहीच. व्याकरण समजावू नका. "आय ॲम अ..." हा एकच शब्द आहे असं समजून म्हणून घ्या, "आयमअ टीचर, आयमअ टेलर, आयमअ नर्स". स्वरानं सुरू होणारे धंदे, इलेक्ट्रिशियन, अकाउंटंट, ज्यांना लागतील त्यांनाच "आयमॅन" द्या.

कामाबद्दल बोलताना वर्गातल्या निम्म्याजणी "आय ॲम ओन्ली हाउसवाइफ" म्हणतील. त्यातलं "ओन्ली" आधी काढा. आणि खरं तर त्यांतल्या बऱ्याचजणी काहीतरी करत असतात. प्रत्येकीला तिचं स्वतःचं एक वाक्य बांधून द्या, छापील नको: "आय मेक पापड अँड चटणी", "आय स्टिच ब्लाउजेस", "आय सेल कोल्हापुरी चप्पल्स", "आय रन अ स्मॉल शॉप", "आय लुक आफ्टर माय होम". मेक, सेल, स्टिच, रन, हे चार-पाच शब्द सगळ्या वर्गाला पुरतात. चप्पल विकणाऱ्या मुलीला वर आणखी एक वाक्य देता येईल: "दे आर हँडमेड, फ्रॉम कोल्हापूर". इथं मात्र "दे" बरोबर.

"वेअर आर यू फ्रॉम?" याचं उत्तर समोर कोण आहे त्यावर ठरतं, हे शिकवायला हवं. सांगलीच्या बाईला "फ्रॉम कागल" चालेल. दिल्लीच्या पाहुण्याला "फ्रॉम कोल्हापूर". परदेशी माणसाला "कोल्हापूर. इट्स अ सिटी इन महाराष्ट्र". रांगांच्या खेळात चिठ्ठीवर गिऱ्हाईक कुठलं आहे ते लिहा आणि उत्तर त्याप्रमाणं बदलायला लावा.

आपल्याकडच्या नमस्काराच्या पद्धती जशाच्या तशा इंग्रजीत नेता येत नाहीत. "जेवलासा काय?" ही आपली विचारपूस, "हॅव यू ईटन?" म्हटलं तर समोरच्याला आमंत्रण वाटतं. "कुठं निघालासा?" म्हणजे आपुलकी, "वेअर आर यू गोइंग?" अनोळखी माणसाला चौकशी वाटते. "कुणापैकी?" हे तर विचारूच नये, तसंच वय, पगार, लग्न झालं का, मुलं का नाहीत, हेही. निघताना आपण "येते हं" म्हणतो, म्हणून "आय ॲम कमिंग" निघतं, आणि समोरचा थांबून राहतो. निरोपाला "बाय, सी यू" किंवा दुकानात "थँक यू, हॅव अ नाइस डे". "गुड नाइट" हा फक्त निरोप आहे. रात्री आठला आलेल्या गिऱ्हाइकाचं स्वागत "गुड ईव्हनिंग"नंच. "गुड आफ्टरनून" बारा वाजून गेल्यावर, साधारण पाचपर्यंत. पहिल्या भेटीला "नाइस टु मीट यू". तीच व्यक्ती दुसऱ्यांदा भेटली की "नाइस टु सी यू". "हाउ डू यू डू?" जुन्या पुस्तकांत असतं, ते शिकवण्यात वेळ घालवू नका. हात मिळवायचा की हात जोडायचे ते ज्या त्या बाईनं ठरवावं. हात जोडून "हॅलो" म्हटलं तर जगात कुठंही कळतं.

"हाउ आर यू?"ला खरी तब्येत सांगायची नसते, हेही आधी सांगावं लागतं. गुडघेदुखीपासून सुरुवात करणाऱ्या मावशी प्रत्येक वर्गात एक तरी असतात. "फाइन, थँक यू. अँड यू?" एवढं एका दमात. "अँड यू?" सुटलं तर संवाद तिथंच मरतो, म्हणून ते उत्तराचाच भाग समजून पाठ करून घ्या.

आता तुमच्या मूळ अडचणीवर, गप्प होण्यावर, खरा उपाय. बाई गप्प होते ती बोलता येत नाही म्हणून कमी आणि ऐकलेलं कळलं नाही म्हणून जास्त. गिऱ्हाईक भराभर बोलतं, "व्हॉट्स युअर नेम"चं "वॉचनेम" होतं, आणि पाठ केलेलं वाक्य ओळखूच येत नाही. मराठीत आपण अशा वेळी "आँ? काय म्हणालासा?" म्हणतो आणि कुणाला काही वाटत नाही. इंग्रजीत हेच हत्यार हातात नसतं. म्हणून पहिल्याच दिवशी, नमस्काराच्याही आधी, तीन वाक्यं द्या: "सॉरी?" असा आवाज वर नेऊन, "अगेन, प्लीज?", आणि "स्लोली, प्लीज". व्याकरणाच्या दृष्टीनं ही अर्धीमुर्धी आहेत, तरी चालतील. तिसऱ्या आठवड्यात हवं तर "कुड यू से दॅट अगेन, प्लीज?" द्या.

ही वाक्यं नुसती सांगून येत नाहीत, ती वापरायची वेळ आणावी लागते. त्यासाठी मुद्दाम वाईट बोला: पुटपुटा, तोंड फिरवून विचारा, गाणं लावून ठेवा, दाराबाहेरून हाक मारा. महाद्वार रोडवर दिवाळीच्या आदल्या आठवड्यात जो गलका असतो तो मोबाईलवर ध्वनिमुद्रित करून वर्गात लावला तर उत्तम. नियम असा की "सॉरी?" न म्हणता अंदाजानं उत्तर दिलं तर ती फेरी बाद. आठवडाभरात "सॉरी?" म्हणण्याची लाज जाते, आणि लाज गेली की गप्प बसणं बरंच कमी होतं.

नावाचं स्पेलिंग हा छोटा पण वेळखाऊ भाग. "हाउ डू यू स्पेल दॅट?" हे बँकेत, कुरियरला, हॉटेलात विचारतातच. सगळी एबीसीडी नको, प्रत्येकीनं आपल्या नाव-आडनावाची अक्षरं तीन-तीनच्या तुकड्यांत म्हणायची, दोन तुकड्यांमध्ये श्वास. ए, ई आणि आय यांत घोळ होतो; जी आणि जे यांतही. ज्ञानेश्वरी, ज्ञानदा असल्या नावांना आपल्याकडं डी-एन-वाय लावतात, बाहेरच्याला ते अनोळखी असतं, म्हणून ती सावकाश सांगायला लावा. फोन नंबर आपण मराठीत जोडीनं सांगतो, अठ्ठ्याण्णव बावीस असा. इंग्रजीत एकेक आकडा सांगावा, पाच आणि पाच अशा दोन तुकड्यांत, आणि दोन सारखे आकडे आले तर "डबल". सरावाला खरे नंबर घेऊ नका. वह्या इकडं-तिकडं होतात.

फोनवरची ओळख वेगळी असते, एवढं ध्यानात ठेवा: "आय ॲम सुनीता" नव्हे, "हॅलो, धिस इज सुनीता". दुसऱ्याची ओळख करून देतानाही तेच, "धिस इज माय सिस्टर, रेखा".

वहीत इंग्रजी वाक्य देवनागरीत लिहू द्यावं का, यावर शिक्षकांत दोन तट आहेत. माझं मत, चौथ्या तासापासून खुशाल लिहू द्या. नाही म्हटलं तरी त्या घरी जाऊन लिहिणारच, आणि मग चुकीचं लिहितील. त्यापेक्षा तुम्हीच फळ्यावर लिहून द्या, ॲ आणि ऑ नीट घालून, जोर असलेल्या अक्षराखाली रेघ मारून, आणि जोडून म्हणायचे शब्द जोडूनच लिहून: "लिव्हिन", "आयमअ". ज्यांना रोमन लिपी येते त्यांना शेजारी ती. तिसऱ्या आठवड्यात देवनागरी पुसत जायची.

चुका सुधारताना बाई बोलत असताना मधे तोडू नका. रांगा चालू असताना तुम्ही मागून फिरा, कागदावर टिपा, आणि फेरी संपल्यावर सगळ्यांसाठी तीन चुका घ्या, कुणाची ते न सांगता. तीनहून जास्त नाही. सुनेसमोर सासू किंवा धाकट्या जावेसमोर थोरली वर्गात असेल तर विशेष सांभाळा. थोरलीला नावानिशी सुधारलं तर ती पुढच्या तासाला येत नाही, आणि धाकटीलाही येऊ देत नाही.

बाराव्या तासाला परीक्षा घ्या, पण कविता म्हणून दाखवायची नाही. बायकांनी कधी न पाहिलेलं एखादं माणूस बोलवा, कॉलेजात शिकणारी मुलगी चालेल, मराठी येत नसलेली मिळाली तर फारच छान. तिला आधी सांगून ठेवा की क्रम बदलायचा, एखादा प्रश्न पुटपुटायचा आणि एखादा अनपेक्षित विचारायचा. प्रत्येकीला दोन मिनिटं, एका वेळी एकटी, बाकीच्या बाहेर. तुम्ही फक्त चार खुणा करायच्या: आपण होऊन नमस्कार केला का, उलट एक तरी प्रश्न विचारला का, कळलं नाही तिथं "सॉरी?" म्हणाली का, आणि निरोप घेऊन निघाली का. "अ" गळला, "थ" जाड झाला, त्याला गुण कापू नका. जिच्या चारपैकी तीन खुणा झाल्या तिला पुढं किंमत सांगणं, माप विचारणं याकडं न्या. दोन किंवा कमी असतील तर तिला नवीन काही देऊ नका, पुढच्या तुकडीच्या रांगांत आठवडाभर उभी करा. नवख्या बायकांशी बोलताना ती आपोआप मोठी होते आणि तुम्हालाही एक मदतनीस मिळते.